पेटीतल्या बाळांची नजर

बाळ सहा-आठ आठवड्यांचं झालं की नजर धरायला लागतं. आई वाकली की तिच्या तोंडाकडे टक लावून बघतं, ती सरकली की डोळे तिच्यामागे जातात. ही परीक्षा आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. पाळण्यावर चिमणाळं टांगलेलं असतं, आजी खुळखुळा न वाजवता नुसताच इकडून तिकडे नेऊन बघते, आणि बाळाचे डोळे त्याच्याबरोबर फिरले की निर्धास्त होते. फिरले नाहीत तर घरात लगेच कुणी बोलत नाही. दोन-चार दिवस वाट बघतात. मग आई हळूच कुणाला तरी विचारते, बाळ माझ्याकडे बघतं का हो?

१९४० नंतरच्या बारा-तेरा वर्षांत अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या हजारो आयांवर हा प्रश्न विचारायची वेळ आली. त्या साऱ्या एका बाबतीत सारख्या होत्या. त्यांची बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली होती आणि त्या काळच्या चांगल्यातल्या चांगल्या रुग्णालयांनी ती जगवली होती.

१४ फेब्रुवारी १९४१ रोजी बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ स्ट्युअर्ट क्लिफर्ड रॉक्सबरी भागातल्या एका घरी नेहमीच्या तपासणीसाठी गेले. बाळ तीन महिन्यांची मुलगी. जन्म वेळेच्या बराच आधी झालेला. इतक्या लवकर जन्मलेलं मूल तीन महिने जगून घरच्या पाळण्यात दिसावं, हाच तेव्हा डॉक्टरांच्या दृष्टीने विजय होता. पण मुलीचे डोळे भिरभिरत होते, कशावरच ठरत नव्हते. बाहुल्यांच्या आत, जिथे काळंभोर दिसायला हवं, तिथे करडेपणा होता. क्लिफर्ड यांनी नेत्रतज्ज्ञ पॉल चँडलर यांना बोलावलं. चँडलर यांनी असं काही पूर्वी पाहिलं नव्हतं. थोड्याच दिवसांत दुसरं बाळ आलं. तसंच अपुऱ्या दिवसांचं, डोळ्यांत तोच करडा पडदा. शहरातल्या जुन्याजाणत्या नेत्रतज्ज्ञांना विचारलं, तर त्यांनाही ओळख पटेना.

हे काम पुढे हाती घेतलं बॉस्टनच्याच थिओडोर टेरी यांनी. १९४२ मध्ये त्यांनी या विकाराचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. ग्रीक-लॅटिन जाणणाऱ्या हॅरी मेसेंजर या सहकाऱ्याने त्याला नाव दिलं: रेट्रोलेंटल फायब्रोप्लेसिया, म्हणजे भिंगामागे झालेली तंतूंची वाढ. १९४५ पर्यंत टेरी यांच्याकडे ११७ मुलांची नोंद झाली होती. पुढच्याच वर्षी ते वारले. ११७ आंधळी मुलं त्यांनी तपासली, मोजली, त्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून घेतली, पण हे कशामुळे होतं ते त्यांना कळलं नाही. गर्भातच काहीतरी बिघडत असावं, अशी त्यांची सुरुवातीची समजूत होती.

ही समजूत आयांना किती महाग पडली असेल, याचा मी पुन्हा पुन्हा विचार करते. गर्भात बिघडलं म्हणजे आईच्या पोटात बिघडलं. आपल्याकडे अशा वेळी ग्रहण पाळलं होतं का, कुठल्या महिन्यात काय खाल्लं, असे प्रश्न सुरू होतात. बॉस्टनमध्ये प्रश्न निराळे असतील, पण बोट जिच्याकडे वळतं ती बाई तीच.

तेव्हाच्या रुग्णालयात अशा बाळाचं काय होत असे, ते आधी बघू. फार पूर्वी अपुऱ्या दिवसांचं बाळ कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवत आणि देवावर हवाला सोडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उबेच्या पेट्या आल्या. आपण अजूनही 'बाळाला पेटीत ठेवलंय' असंच म्हणतो. शिकागोच्या ज्युलियस हेस यांनी पेटीला ऑक्सिजनची सोय जोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर पारदर्शक प्लास्टिकच्या, जवळजवळ हवाबंद पेट्या मोठ्या रुग्णालयांत दिसू लागल्या. आत ऊब, ओलावा आणि नळीतून अखंड येणारा ऑक्सिजन.

तो देण्यामागे कारण होतं. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ आपल्यासारखा श्वास घेत नाही. भराभर चार-सहा श्वास घेतं, मग थांबतं. बघणाऱ्याचाही श्वास तेवढा वेळ अडकतो. मग पुन्हा सुरू. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलं की हा अडखळता श्वास एकसारखा होतो. निळसर पडलेलं बाळ डोळ्यांदेखत गुलाबी होतं. हे दृश्य ज्या सिस्टरने एकदा पाहिलं तिला ऑक्सिजनच्या बाजूने आणखी पुरावा लागणारच नाही. ज्याला आपण प्राणवायू म्हणतो तो प्राण वाचवतो, यात शंका घ्यायची तरी कशाला? किती द्यायचा, किती दिवस द्यायचा, हे कुणी ठरवलं नव्हतं. पेटीत साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत प्रमाण ठेवून आठवडेच्या आठवडे देत. बाळाला त्रास असो वा नसो, नेम म्हणून देत.

आणि आंधळेपणा वाढत गेला. त्याचं वागणं विचित्र होतं. हा रोग गरिबाघरचा नव्हता. मोठ्या शहरांत, नामांकित रुग्णालयांत, जिथे सोयी जास्त तिथे तो जास्त. युद्धाने मोडलेल्या युरोपात जिथे पेट्याच नव्हत्या, तिथे तो जवळजवळ दिसतच नव्हता. याचा सरळ अर्थ आज आपल्याला लगेच लागतो. तेव्हाचे डॉक्टर वेगळा अर्थ लावत आणि तोही वाजवी होता. जिथे सोयी आहेत तिथे अगदी चिमुकली बाळं जगतात. पूर्वी ती मरत म्हणून त्यांचं आंधळेपण दिसत नव्हतं.

बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम आणि एला ओवेन्स या नेत्रतज्ज्ञ दांपत्याने एक साधं काम करायचं ठरवलं. रोग झाल्यावर डोळे तपासण्याऐवजी ते जन्मापासूनच ठरावीक दिवसांनी तपासायचे. मुठीएवढं डोकं, त्यात शेंगदाण्याएवढा डोळा, त्याची बाहुली थेंब घालून मोठी करायची आणि आत प्रकाश टाकून पडदा बघायचा. बाळामागून बाळ, पुन्हा पुन्हा. १९४८-४९ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला. जन्माच्या वेळी या बाळांचे डोळे ठीक होते. बिघाड नंतर, काही आठवड्यांनी सुरू होत होता.

म्हणजे हा रोग आईच्या पोटातून आला नव्हता. बाळ रुग्णालयात धडधाकट डोळे घेऊन दाखल झालं होतं आणि तिथे त्याची नजर गेली होती. माझ्या मते या साऱ्या कथेतला पहिला खरा शोध हाच. रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत आपण जे करतो त्यातलंच काहीतरी, असा संशय घेण्याची वाट इथे पहिल्यांदा मोकळी झाली.

मग संशयितांची रांग लागली. गाईचं दूध, लोह, जीवनसत्त्वं, रुग्णालयातला प्रखर उजेड, आईचे आजार... पन्नासेक कारणं तरी पुढे आली. ओवेन्स दांपत्याला 'ई' जीवनसत्त्वाची उणीव कारणीभूत वाटली. ते दिल्यावर आधी गुण आल्यासारखं दिसलं, पुढे टिकलं नाही. बॉस्टनमध्ये एव्हरेट किन्सी आणि लिओना झकारायस यांनी जुनी कागदपत्रं चाळून पाहिलं की आंधळेपणाबरोबर रुग्णालयातल्या उपचारांपैकी काय काय वाढत गेलं. लोह वाढलं होतं, पाण्यात मिसळणारी जीवनसत्त्वं वाढली होती आणि ऑक्सिजनही वाढला होता. तो त्यांच्या कागदावर होता. पण १९४९ मध्ये बोट लोह-जीवनसत्त्वांकडे वळलं. ज्याच्यामुळे बाळ गुलाबी होतं त्याच्यावर आळ घ्यायला मन धजलं नाही.

याच सुमारास न्यू यॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये विल्यम सिल्व्हरमन या तरुण डॉक्टराच्या वाट्याला आलेला अनुभव मला या कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो. तेव्हा एसीटीएच हे संप्रेरक नवं होतं आणि अनेक रोगांवर चमत्कारासारखं लागू पडत होतं. डोळ्यांत बदल सुरू झालेल्या बाळांना सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी ते देऊ लागले. ३१ बाळांपैकी २५ नजर शाबूत घेऊन घरी गेली. त्याच शहरातल्या लिंकन हॉस्पिटलमध्ये औषध न दिलेली अशीच ७ बाळं होती. त्यांतली ६ आंधळी झाली.

या आकड्यांसमोर कुणीही काय म्हणेल? औषध सापडलं. आता ते न देणं हा गुन्हा. सिल्व्हरमन यांनाही तसंच वाटत होतं. तरीही त्यांच्या गटाने आपल्याच रुग्णालयात पारख करायचं ठरवलं. कुठल्या बाळाला औषध द्यायचं आणि कुठल्याला नाही, हे डॉक्टरांनी निवडायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं. निकाल आला तेव्हा औषध दिलेल्या बाळांत आंधळेपणा जास्त होता आणि मृत्यूही जास्त. औषध न दिलेल्या बहुतेक बाळांच्या डोळ्यांतले बदल आपोआप ओसरले होते. आधीच्या २५ बाळांचं यश औषधाचं नव्हतंच. त्या औषधाने काही बाळं मारली असणार, हे ओझं सिल्व्हरमन यांनी लपवलं नाही. २००४ मध्ये वारेपर्यंत ते लिहीत, बोलत राहिले की डॉक्टरच्या चांगल्या हेतूवर आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गुणावर विसंबू नका.

ऑक्सिजनवर पहिलं बोट जगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं गेलं. मेलबर्नमध्ये केट कॅम्पबेल नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. तिथल्या तीन रुग्णालयांतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं त्या बघत. त्यांतल्या एका ठिकाणी नव्या तऱ्हेच्या पेट्या होत्या आणि ऑक्सिजन सढळ हाताने दिला जाई. दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजनचे पैसे आईवडिलांना भरावे लागत, म्हणून तो बेताने, गरजेपुरता दिला जाई. कॅम्पबेल यांनी आंधळेपणाची मोजणी केली. सढळ ऑक्सिजनच्या ठिकाणी सुमारे १९ टक्के बाळांना रोग झाला होता, बाकीच्या दोन ठिकाणी मिळून सुमारे ७ टक्क्यांना. ज्या आईबापांकडे ऑक्सिजनला पैसे नव्हते, त्यांच्या बाळांची नजर जास्त वाचली होती. त्या आईबापांना बिचाऱ्यांना तेव्हा काय वाटत असेल! १९५१ मध्ये कॅम्पबेल यांनी हे प्रसिद्ध केलं आणि शीर्षकातच 'संभाव्य कारण' असा शब्द ठेवला. आपला पुरावा कुठवर पोचतो याची त्यांना जाण होती.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला मेरी क्रॉस यांना हेच वेगळ्या वाटेने दिसलं. १९४८ मध्ये तिथे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, रुग्णालयांना पैसा मिळाला, ऑक्सिजनची साधनं आली आणि त्यामागोमाग आधी न दिसणारा रोग आला. त्यांनी ऑक्सिजन आवरता घेतला, रोगही ओसरला.

वॉशिंग्टनच्या गॅलिंजर म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये आर्नल पॅट्झ नावाचे तरुण नेत्रतज्ज्ञ होते. हे शहरातल्या गरिबांचं रुग्णालय. आंधळी झालेली बाळं भरपूर ऑक्सिजन मिळालेलीच होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बालरोगतज्ज्ञ लेरॉय होक यांच्याबरोबर प्रयोग आखला. एक बाळ नेहमीच्या भरपूर ऑक्सिजनमध्ये, पुढचं बेताच्या ऑक्सिजनमध्ये, तोही गरज असेल तेव्हाच. सरकारी संशोधन संस्थेकडे मदत मागितली, तर तिथल्या परीक्षकांना हा बाळं गुदमरवून मारण्याचा उद्योग वाटला. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी पॅट्झ यांनी भावाकडून पैसे उसने घेतले.

रात्री काय घडत होतं ते पॅट्झ यांना मागाहून कळलं. बेताचा ऑक्सिजन मिळणाऱ्या बाळांच्या पेट्यांचे कॉक रात्रपाळीच्या काही सिस्टर हळूच उघडत होत्या. दिवसा डॉक्टर या कोवळ्या जिवांना प्राणवायूविना ठेवतात, निदान रात्री तरी त्यांना तो मिळू दे, असं त्यांना वाटे. त्या बायकांना मी दोष देऊ शकत नाही. जे काही शिकवलं गेलं होतं आणि जे काही डोळ्यांना दिसत होतं, त्यावरून त्या बाळाचा जीवच वाचवत होत्या. एका पेटीजवळ थांबून ती कळ फिरवणाऱ्या बाईच्या मनात माया होती, आणि त्या मायेनेच नजर जात होती.

एवढं होऊनही १९५२ मध्ये आकडे स्पष्ट आले. भरपूर ऑक्सिजनच्या २८ बाळांपैकी ७ जणांना तीव्र रोग. बेताच्या ऑक्सिजनच्या ३७ पैकी एकालाही नाही.

आता एक कोडं उरलं होतं. ऑक्सिजन दोषी असेल तर रोग बाळ पेटीत असतानाच दिसायला हवा. तो तर बऱ्याचदा ऑक्सिजन बंद केल्यावर दिसायचा. त्यामुळे काही डॉक्टरांनी उलटाच निष्कर्ष काढला, की ऑक्सिजन अचानक काढल्यानेच डोळे बिघडतात. ते बाळाला पुन्हा ऑक्सिजनमध्ये ठेवू लागले.

कोडं सोडवलं लंडनच्या नॉर्मन ॲश्टन यांनी, मांजराच्या पिलांच्या मदतीने. मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळासारखीच स्थिती. माणसाच्या बाळात या वाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यात डोळ्याच्या मज्जातंतूपासून निघतात आणि हळूहळू पडद्याच्या काठाकडे पसरतात. शेवटचा काठ गाठायला नऊ महिने पुरे व्हावे लागतात. गर्भात ऑक्सिजन मुळातच कमी. त्या कमतरतेची हाक ऐकूनच वाहिन्या पुढे सरकतात. ॲश्टन यांनी पिलांना भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलं, तर वाहिन्या आक्रसल्या, मिटल्या, काही कायमच्या गेल्या. पुढे वाढायची गरजच उरली नव्हती. पिलांना साध्या हवेत आणल्यावर खरा अनर्थ सुरू झाला. वाहिन्या नसलेला पडदा ऑक्सिजनसाठी तडफडू लागला. त्याच्या हाकेसरशी नव्या वाहिन्या धावत आल्या, पण वाटेल तशा, गुंता करत, कच्च्या, रक्त गळणाऱ्या. बाळात याच गुंत्याचा पुढे व्रण होतो, व्रण आखडतो आणि पडद्याला ओढून त्याच्या जागेवरून सोडवतो. क्लिफर्ड यांना रॉक्सबरीत दिसलेला करडेपणा म्हणजे सुटून भिंगामागे गोळा झालेला पडदाच.

पिलं म्हणजे बाळं नव्हेत, असं म्हणायला तरीही जागा होती. गॅलिंजरचे आकडे छोटे होते. ऑक्सिजन कमी केल्यावर बाळं दगावली तर? आंधळं पण जिवंत मूल की डोळस पण मेलेलं, अशा शब्दांत हा वाद डॉक्टरांच्या मनात चाले. शेवटी १९५३ च्या जुलैत अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन निकाल लावायचं ठरवलं. किन्सी प्रमुख झाले, ज्यांच्या कागदावर चार वर्षांपूर्वी ऑक्सिजन होता तेच. दीड किलोच्या आतली बाळं घ्यायची, तीही ४८ तासांची झाल्यावर. पहिले तीन महिने दर तीन बाळांतलं एक बाळ नेहमीच्या भरपूर ऑक्सिजनमध्ये, दोन आवरलेल्या ऑक्सिजनमध्ये. तीन महिन्यांनी मृत्यू मोजायचे. कमी ऑक्सिजनने बाळं जास्त मरत नाहीत असं दिसलं, तर भरपूर ऑक्सिजन सगळीकडेच बंद करायचा.

एका बाजूला आंधळेपणाची भीती होती, दुसऱ्या बाजूला मरणाची. आणि कुठल्या बाळाने कुठल्या बाजूला जायचं ते नशीब ठरवणार होतं. तेव्हा आईवडिलांना आजच्यासारखं विचारायची रीत नव्हती. आज हे वाचताना मला ते खटकतं. पण या तीन महिन्यांआधीची बारा वर्षं कुणालाही न विचारता आणि काहीही न मोजता तोच प्रयोग हजारो बाळांवर चालला होता, हेही विसरता येत नाही.

तीन महिन्यांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फरक दिसला नाही. भरपूर ऑक्सिजन बंद झाला. वर्षभरात ७८६ बाळं अभ्यासात आली. सप्टेंबर १९५४ मध्ये न्यू यॉर्कला नेत्रतज्ज्ञांच्या संमेलनात निकाल सांगितला गेला. नेहमीच्या ऑक्सिजनमध्ये डोळ्यात कायमचा व्रण राहण्याचं प्रमाण तिपटीहून अधिक होतं. देशोदेशीच्या रुग्णालयांत ऑक्सिजन चाळीस टक्क्यांच्या खाली आला आणि हा आंधळेपणा पाहता पाहता दिसेनासा झाला. तोपर्यंत जगभरात सुमारे १०,००० मुलांची नजर गेली होती. १९५० मध्ये मिशिगनमध्ये जन्मलेला एक मुलगा त्यांतलाच. पुढे तो स्टीव्ही वंडर नावाने गाऊ लागला. १९५६ मध्ये पॅट्झ आणि किन्सी यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पॅट्झ यांना तो देणाऱ्या होत्या हेलन केलर.

गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं.

४८ तासांची ती अट आठवा. अभ्यासात दोन दिवस जगलेलीच बाळं होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सर्वांत धोक्याचे तास पहिले असतात, त्या वेळी फुप्फुसं उघडायला तयार नसतात. त्या तासांत ऑक्सिजन आवरला तर काय होतं, हे १८ रुग्णालयांनी तपासलंच नव्हतं. पण निकालाची बातमी पसरली ती 'ऑक्सिजन आवरा' एवढीच. चाळीस टक्के हा आकडा देवळातल्या नियमासारखा पाळला जाऊ लागला. १९७३ मध्ये लंडनचे शरीरशास्त्रज्ञ केनेथ क्रॉस यांनी 'लॅन्सेट'मध्ये हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने, नजर वाचलेल्या दर एका मुलामागे ऑक्सिजनवाचून १६ बाळं पहिल्या दिवसांत दगावली असावीत. ती बाळं कुणाला दिसली नव्हती, कारण अपुऱ्या दिवसांचं बाळ मरणं कुणाला नवल वाटत नाही. आंधळं मूल वाढतं, शाळेत जातं, प्रश्न विचारतं. मेलेलं बाळ दहा-वीस तासांच्या नोंदीत संपतं.

नाडीवरून रक्तातला ऑक्सिजन सांगणारं यंत्र १९७४ मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी शोधलं. कोविडमध्ये बोटाला लावायचा चिमटा म्हणून आपल्या घराघरांत आलं ते हेच. त्याने पेटीतला ऑक्सिजन मोजण्याऐवजी बाळाच्या अंगातला सतत मोजता येऊ लागला. तरी नेमकं किती हवं, हा वाद २०१० पर्यंत आला. त्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की रक्तातला ऑक्सिजन ८५ ते ८९ टक्क्यांवर ठेवलेल्या बाळांचे डोळे जास्त वाचतात, पण ९१ ते ९५ टक्क्यांवर ठेवलेली बाळं जास्त जगतात. डॉक्टर आज सहसा वरची बाजू धरतात आणि डोळ्यांवर लक्ष ठेवतात. कारण आता लक्ष ठेवून उपयोग होतो. रोग वेळेत दिसला तर लेझरने तो थोपवता येतो. त्यासाठी काही दिवसांचीच मुदत असते.

याच मुदतीपाशी ही गोष्ट आपल्याकडे येते. जगात अपुऱ्या दिवसांची सर्वांत जास्त बाळं भारतात जन्मतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात बाळांचे विशेष कक्ष झाले, पूर्वी दगावणारी बाळं जगू लागली. हे मोठं काम आहे. पण ऑक्सिजन पुष्कळ ठिकाणी अजून सिलिंडरमधून थेट येतो. हवेत मिसळून हवा तेवढाच देणारं यंत्र असतंच असं नाही. म्हणून पाश्चात्त्य देशांत ज्या वजनाच्या बाळांना हा रोग आता होत नाही, त्या वजनाच्या बाळांना तो आपल्याकडे होतो. आपल्या डॉक्टरांनी आपला नियम निराळा केला आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोच्या आतलं प्रत्येक बाळ तिसाव्या दिवसाच्या आत नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं, अगदी लहान असेल तर त्याही आधी. कक्षात या रोगाला आता 'आरओपी' म्हणतात.

१९९६ मध्ये चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात २९ आठवड्यांची मुलगी जन्मली. ती पेटीत राहिली, तिला ऑक्सिजन मिळाला, ती वाचली, घरी आली. डोळे दाखवा, असं तिच्या आईवडिलांना कुणी सांगितलं नाही. काही महिन्यांनी लस टोचायला नेलं, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं. तोवर मुदत उलटून गेली होती. तेव्हा जगाला कारण कळून चाळीस वर्षं झाली होती. रॉक्सबरीतल्या मुलीचं आंधळेपण कुणालाच टाळता आलं नसतं, हिचं आलं असतं. वडील अठरा-एकोणीस वर्षं भांडले. २०१५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितली. डोळ्यांच्या तपासणीची गरज आईबापांना सांगणं हे रुग्णालयाचं कर्तव्य होतं, हे न्यायालयाने मान्य केलं.

कर्नाटकात बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ पासून वेगळी वाट काढली. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याच्या गावी जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो घेतात आणि शहरातला डॉक्टर ते बघून सांगतो.

ही तपासणी बघवत नाही. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, थेंब घालून बाहुली मोठी करतात, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात. बाळ जिवाच्या आकांताने रडतं. आईला बहुधा बाहेर थांबवतात. आत डॉक्टर एवढंच बघत असतो की वाहिन्या कुठवर पोचल्या, काठाला किती जागा उरली, आणि मधे कुठे ती उंचवट्याची रेघ, गुंत्याची सुरुवात, दिसते का. दोन-तीन मिनिटांत काम होतं. मग बाळ आईच्या हातात येतं, डोळे लालसर, हुंदके देत, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: काठ अजून बाकी आहे, पंधरा दिवसांनी परत आणा.